तास काट्याची संथ चाल

सव्वातीन वाजता घड्याळाच्या दोन काट्यांत किती अंशांचा कोन होतो? स्कॉलरशिपच्या तयारीतला हा ठरलेला प्रश्न. बरीच मुलं ‘शून्य’ लिहून मोकळी होतात. दोन्ही काटे तीनवरच की! उत्तर आहे साडेसात अंश. 15 मिनिटांत तास काटा तीन आणि चारमधलं पाव अंतर चालून गेलेला असतो, आणि 30 अंशांचा पाव म्हणजे साडेसात.

मिनिट काटा तासाला 360 अंश फिरतो, म्हणजे मिनिटाला 6. तास काट्याला तेवढ्याच फेरीला 12 तास लागतात, म्हणून मिनिटाला जेमतेम अर्धा अंश. एवढी संथ चाल डोळ्यांना जाणवत नाही आणि हिशेबातूनही निसटते.

वास्तविक घड्याळाचा मूळ मालक तोच. युरोपातल्या जुन्या मनोऱ्यांवरच्या घड्याळांना पुष्कळदा एकच काटा असे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या एका मनोऱ्यावर तसं घड्याळ आजही आहे. काटा दोन आकड्यांच्या मधोमध आला की साडे, पाव अंतर सरला की सव्वा, पाव उरलं की पावणे. लोकांचं त्यावर भागत होतं. 1656 मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ घडवलं, घड्याळं नेमकी चालू लागली आणि मिनिट काटा रुळला.

या दोघांची सांगड घालणारी यंत्रणा तबकडीच्या लगेच मागे असते. मिनिट काट्याच्या नळीवर 12 दात्यांचं इवलंसं चाक. ते 36 दात्यांच्या चाकाला फिरवतं, तिथे गती एक तृतीयांश होते. त्या चाकाच्याच आसावर 10 दात्यांचं दुसरं चाक असतं, ते 40 दात्यांच्या चाकाला फिरवतं. गती पुन्हा एक चतुर्थांश. तिसऱ्या भागाचा चौथा भाग म्हणजे बारावा! दिशा दोनदा उलटते, म्हणून दोन्ही काटे एकाच बाजूला फिरतात. दात्यांची ही जुळणी पुष्कळ मनगटी घड्याळांत सापडते. चार चाकांत अपूर्णांकांचा गुणाकार इतका देखणा बसवलेला दुसरीकडे क्वचितच दिसेल.

मिनिट काटा तास काट्यावर मिनिटाला साडेपाच अंशांची आघाडी घेतो. त्यामुळे दोघे दर 65 पूर्णांक 5 अकरांश मिनिटांनी एकमेकांवर येतात. दिवसातून 24 वेळा नव्हे, 22 वेळा.

मग मुलं चुकतात कुठे? वर्गातल्या पुठ्ठ्याच्या घड्याळात काटे टिचबटणावर सुटे फिरतात. मूल मिनिट काटा सहावर नेतं, तास काटा नेमका तीनवर ठेवतं आणि ‘साडेतीन’ म्हणतं. खऱ्या घड्याळात अशी वेळ कधीच येत नाही. शिक्षकांनी एखादं जुनं गजराचं घड्याळ वर्गात आणावं, मागची कळ मुलांच्या हाती द्यावी, मिनिट काटा कागदाने झाकावा आणि उरलेल्या एका काट्यावरून वेळ विचारावी.