दप्तरातून निसटलेली पदके

सैन्यातून सेवामुक्त होणाऱ्या जवानाच्या हाती अखेरच्या दिवशी जे कागद पडतात, त्यांत डिस्चार्ज बुक ही लहानशी पुस्तिका सर्वांत मोलाची. कारण भरतीची तारीख, हुद्दा, पलटण, वर्तणूक आणि सेवामुक्तीचे कारण यांच्या जोडीला त्याने मिळविलेल्या पदकांची नोंदही तीतच असते. घरी परतलेला जवान ती पुस्तिका ट्रंकेच्या तळाशी ठेवून शेतीभातीला लागतो. आणि पुष्कळ वर्षांनी, प्रजासत्ताकदिनी पदके लावून ध्वजवंदनाला या असे निमंत्रण आले म्हणजे पाने उलटताना त्याच्या ध्यानात येते, की ज्या लढाईत आपण होतो तिचे पदक ना हाती आले, ना कागदावर चढले.

हे घडते कसे, याचा उलगडा फौजी दप्तराच्या रीतीत आहे. फौजेत एखादी गोष्ट नुसती घडून भागत नाही; ती हुकमात प्रसिद्ध व्हावी लागते. जवानाचे लग्न, अपत्यजन्म, बदली, बढती, पदक, यांपैकी प्रत्येक गोष्टीचा ‘पार्ट टू ऑर्डर’ निघतो, तो अभिलेख कार्यालयात, म्हणजे जवानांच्या बोलीत ‘रेकॉर्ड’मध्ये, पोहोचतो, आणि तेथे त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, नोंद होते. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार मंजूर झाल्याखेरीज सातबाऱ्यावर नाव चढत नाही, तसाच हा प्रकार. आता, पलटण कूच करीत असता जवान जखमी होऊन इस्पितळात पडला, अथवा दुसऱ्या तुकडीत तात्पुरता गेला, तर पात्र जवानांच्या यादीतून त्याचे नाव गळण्यास कोणाची दुष्ट बुद्धी लागत नाही, एका कारकुनाची घाई पुरते.

शिवाय बहुतेक मोहिमांची पदके मोहीम संपल्यानंतर जाहीर होतात. 1965 च्या युद्धासाठीचे समर सेवा स्टार व रक्षा पदक 1967 मध्ये स्थापन झाले. मधल्या काळात जो जवान निवृत्त होऊन गावी गेला, त्याचा शोध घेत पदक डोंगर चढून येईल ही अपेक्षा सरकारी दप्तराच्या स्वभावाशी विसंगतच म्हणावी लागेल. शौर्यपदकांची गोष्ट निराळी. परमवीर चक्रापासून सेना पदकापर्यंतचे सन्मान राजपत्रात प्रसिद्ध होतात, म्हणून ते सहसा हरवत नाहीत. हरवतात ती सामान्य जवानाची पदके, जी केवळ एवढेच सांगतात, की हा इसम त्या वेळी त्या ठिकाणी हजर होता.

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील तालुक्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर एक विरोध ठळकपणे दिसतो. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान सुमारे सहाशे वर्षे टिकले आणि 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात अधिकारी म्हणून सेवा केली, आणि ती गोष्ट संस्थानच्या इतिहासाबरोबर लोकांच्या स्मरणात राहिली. राजाला डिस्चार्ज बुकाची गरज पडत नाही. परंतु वारली, कोकणा, ठाकूर वा महादेव कोळी पाड्यावरून फौजेत गेलेल्या पोराचा इतिहास लिहिणारा त्या पुस्तिकेखेरीज कोणी नसतो. त्यातही भरतीच्या वेळी मुनशीने लिहिलेले नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे आणि आधार कार्डावरचे तिसरे, असा घोळ झाला, म्हणजे अर्ज करणारा व पदकाचा हक्कदार एकच आहे हे सिद्ध करण्यातच वर्ष निघून जाते.

अर्ज करावयाचा तो आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयाकडे. तोफखान्याच्या जवानाचे दप्तर नाशिक रोड कॅम्पला, म्हणजे जव्हारच्या मानाने शेजारीच. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. महार रेजिमेंटचे मात्र मध्य प्रदेशात सागरला. अर्जात सेवाक्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, त्या काळातील कंपनी आणि ठिकाण ही माहिती द्यावी. डिस्चार्ज बुकाची प्रत, इस्पितळाचा कागद असल्यास तो, नावात तफावत असल्यास प्रतिज्ञापत्र जोडावे. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याची शिफारस घेतलेली बरी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात स्वतःच्या सेवा-अभिलेखाची प्रत मागता येते, आणि प्रकरण अडलेच तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.

येथे काळाचा एक कठोर नियम आड येतो. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, अशा जवानांचे सेवाकागद सेवामुक्तीनंतर 25 वर्षे जतन करून पुढे नष्ट करण्याची सैन्याची नियमावली आहे. त्यानंतर उरतो तो ‘लाँग रोल’, ज्यात माणसाची सारी नोकरी एका ओळीत आटोपलेली असते. म्हणजे ज्याला पेन्शन नाही, ज्याची बाजू मुळातच लंगडी, त्याचाच पुरावा आधी जळतो. हा नियम कागदांच्या ढिगाऱ्याला भिऊन केलेला असेल. न्यायाच्या दृष्टीने त्याचे समर्थन मला करता येत नाही.

‘म्हातारपणी पदक मागत फिरणे शोभते काय?’ असे विचारणारे लोक भेटतात. 1965 च्या युद्धात जखमी झालेले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2025 मध्ये, आणि त्यासाठी त्यांना स्वतःच अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. त्यात मला आत्मप्रौढीचा लवलेश दिसत नाही. मोहिमेच्या पदकाला तर पैशाचा भत्ताही नसतो. मागणी असते ती केवळ नोंद खरी असावी एवढीच.

ज्या घरांत आजोबांची पदके आहेत पण कागद नाहीत, त्यांनी पदकाची कड भिंगाखाली धरून पाहावी. ब्रिटनच्या शिपायांना दुसऱ्या महायुद्धाची पदके नावाविना मिळाली, पण भारतीय जवानांच्या अनेक पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसविलेली आहे, आणि स्वतंत्र भारताच्या पदकांवरही तीच रीत आहे. ही पदके बहुधा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची. चांदीची समजून सोनाराकडे नेण्यात अर्थ नाही, आणि चिंच लावून घासण्यात तर नुकसानच आहे, कारण प्रत्येक घासण्याबरोबर तो क्रमांक पुसट होतो. तो आजच वहीत उतरवून ठेवा, त्याच्या आधारे रेकॉर्डला अर्ज करा, आणि टपालाची पावती जपून ठेवा.