जावाच्या रस्त्यावरची लालपरी

लोह्याला रेल्वे नाही. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरचं हे तालुक्याचं गाव कैक पिढ्या बाहेरच्या जगाशी जोडलेलं आहे ते रस्त्यानं, आणि रस्त्यावर मुख्यतः एसटीनं. शाळा-कॉलेज, दवाखाना, कोर्टाची तारीख, माळेगावच्या खंडोबाची यात्रा, सगळीकडे जायचं तर आधी बसस्थानक. सरकारी बसची या मुलखातली मुळं एसटीपेक्षाही जुनी आहेत. हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ गाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती त्यानंतर १६ वर्षांनी, १ जून १९४८ रोजी. अशा मुलखातलं पोर मोबाइलवर गाडी चालवायचा खेळ उघडतं तेव्हा त्याला फेरारी मिळते, मर्सिडीज मिळते. रोज फलाटावर बघितलेली गाडी त्याला कुठल्याही नामांकित खेळात मिळत नाही. ती मिळते इंडोनेशियात बनलेल्या एका खेळात. त्याचं नाव ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. हे कसं घडलं, आणि त्याकडे निव्वळ पोरखेळ म्हणून का बघू नये, हे नीट मांडायला हवं.

‘मालेओ’ या इंडोनेशियन कंपनीनं हा खेळ २०१७ मध्ये आणला. खेळणारे त्याला ‘बुसिड’ म्हणतात. तो फुकट आहे, साध्या फोनवर चालतो, इंटरनेट नसतानाही खेळता येतो, आणि त्याची डाउनलोड १० कोटींच्या पुढे गेली आहेत. खेळ म्हणाल तर अगदी साधा: एका स्थानकातून प्रवासी घ्यायचे, गर्दीतून, टोलनाक्यांवरून, घाटांतून गाडी न्यायची, दुसऱ्या स्थानकात उतरवायचे, मिळालेल्या पैशांतून पुढची गाडी घ्यायची. शर्यत नाही, पोलिसांचा पाठलाग नाही, कुणाला उडवल्याचे गुण नाहीत. या खेळाचा गाभा दुसरीकडेच आहे, हॉर्नमध्ये आणि गाडीच्या अंगावरच्या रंगात. इंडोनेशियातल्या लांब पल्ल्याच्या बसना सुरांवर वाजणारे हवेचे हॉर्न असत. रस्त्याकडेला पोरं पाट्या धरून उभी राहत आणि ड्रायव्हरला ‘ओम, तेलोलेत ओम’ म्हणून विनवत. ‘ओम’ म्हणजे काका आणि ‘तेलोलेत’ हा त्या हॉर्नचा आवाज. डिसेंबर २०१६ मध्ये ही हाक समाजमाध्यमांवरून जगभर पसरली आणि पुढच्याच वर्षी खेळ आला. त्यातही कडेला पोरं उभी असतात आणि हॉर्नची वाट बघतात. गाडी चालवण्याच्या बहुतेक खेळांत रस्त्याकडेची माणसं शोभेला किंवा अडथळ्याला असतात. इथं ती गाडी ओळखतात, तिला हाक मारतात. चालवणाऱ्याचं समाधान वेगातून येत नाही, ओळखलं जाण्यातून येतं.

गाडी ओळखली जायची तर तिला स्वतःचं रूप हवं. म्हणूनच या खेळानं गाडीचं अंग खेळणाऱ्याच्या हवाली केलं, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात वेगळा निर्णय हाच आहे. बसच्या दोन्ही बाजू, पुढचा-मागचा भाग आणि टप एका चौकोनी चित्रावर उलगडून दिलेले असतात. त्या चित्रावर फोनमधल्याच पिक्सेललॅबसारख्या ॲपमध्ये हवं ते रंगवायचं आणि ते खेळात चढवायचं. पुढे कंपनीनं अख्खी वाहनंही बाहेरून आणण्याची सोय केली. ज्याला ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर येतं तो स्वतःच्या मापाची गाडी घडवून खेळात उतरवू शकतो. याची तुलना ‘ड्रायव्हर: सॅन फ्रान्सिस्को’ या २०११ च्या खेळाशी करावीशी वाटते. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या ‘युबिसॉफ्ट रिफ्लेक्शन्स’नं त्यात अजब युक्ती काढली होती. नायक टॅनर अपघातानंतर कोमात आहे, त्याचं मन शहरावर तरंगतं आणि रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरच्या अंगात शिरतं. एका गाडीतून दुसरीत, तिथून तिसरीत. कल्पना म्हणून ती अप्रतिमच होती. पण शिरायचं ते कंपनीनं आधीच घडवलेल्या गाड्यांत आणि कंपनीनं निवडलेल्या शहरात. आज तो खेळ ऑनलाइन दुकानांतून विकतही मिळत नाही. बुसिडमध्ये उलटं होतं. खेळणारा परक्या गाडीत शिरत नाही, आपली गाडी परक्या मुलखात घेऊन येतो.

अशीच लालपरी, म्हणजे एसटीची साधी लाल गाडी, तिथं पोचली. आधी नुसता लाल रंग आला. पण इंडोनेशियन बसचं इंजिन बहुधा मागं असतं, पुढची काच मोठी असते. त्यावर एसटीचा रंग चढवला तर गाडी एसटी वाटत नाही. एसटीची साधी गाडी म्हणजे अशोक लेलँड किंवा टाटाच्या चॅसीवर एसटी महामंडळाच्या कार्यशाळेत बांधलेली बॉडी, इंजिन पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी त्याचं गरम झाकण, सरकत्या काचा, खिडक्यांना आडवे गज. हे सगळं साधायचं तर मॉडेल मुळापासून घडवावं लागतं. ते घडवणाऱ्यांच्या बारकाव्याची दाद द्यायला हवी. महामंडळाच्या बॉडी बांधणाऱ्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन: दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. गाडीची नोंदणी त्या-त्या ठिकाणची असल्यामुळे दापोडीची गाडी एमएच १४, चिकलठाण्याची एमएच २० आणि नागपूरच्या हिंगण्याची एमएच ४० किंवा त्याआधीची एमएच ३१. गाडी नांदेड विभागात धावो नाहीतर सिंधुदुर्गात, नंबर तिचं जन्मस्थान सांगतो. जाणकार रसिक नंबरावरून कार्यशाळा आणि बॉडीच्या ठेवणीवरून काळ ओळखतात, आणि खेळातल्या गाडीवर चुकीच्या बॉडीला चुकीचा नंबर लागला तर त्यांना तो खटकतो. साधी लालपरी, निमआराम हिरकणी, २०१७ ची शिवशाही या प्रत्येकीची ठेवण वेगळी आणि प्रत्येकीसाठी काम वेगळं. फोटो बघून, उभ्या गाडीभोवती फिरून, अंदाजानं मापं काढून हे काम होतं. याला कारागिरीच म्हणायला हवं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. गाडी आपली असली तरी रस्ते इंडोनेशियातल्या जावा बेटाचे, पाट्या इंडोनेशियन, शहरं जकार्ता-सुरबाया. मग त्या लाल रंगाला अर्थ काय? आक्षेपात तथ्य आहे, पण एक गोष्ट त्यातून निसटते. इंडोनेशियात वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. स्टिअरिंग उजवीकडे, प्रवाशांचं दार डावीकडे, ओव्हरटेक उजवीकडून. त्यामुळे एसटी तिथं उतरली तरी चालवण्याची एकही सवय बदलावी लागत नाही. शिवाय रस्त्याचा स्वभावही जवळचा आहे. दुपदरी रस्ता, समोरून ट्रक, मधूनच घुसणाऱ्या दुचाक्या, कडेला टपऱ्या. प्रागच्या ‘एससीएस सॉफ्टवेअर’चा २०१२ चा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा याहून कितीतरी अचूक खेळ आहे. पण त्याला संगणक लागतो, आणि त्याच्या रुंद, शिस्तीच्या युरोपीय महामार्गांवर लालपरी पाहुणी वाटते. जावाच्या रस्त्यावर ती तितकी परकी वाटत नाही. शिवाय लोह्याचा किंवा अहमदपूरचा रस्ता कुठलीही मोठी कंपनी आपणहून बनवणार नाही, कारण तिथं विक्रीचं गणित बसत नाही. अपुऱ्या रस्त्यावरची आपली गाडी आणि मुळीच नसलेली गाडी, इतकेच दोन पर्याय असतील तर पहिला क्षुल्लक ठरत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि वाहतूक पोलिसांचा: हॉर्नची हौस खेळातून खऱ्या रस्त्यावर उतरते. ही चिंता खरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई करतो. आवाजाच्या त्रासाखेरीज यात एक यांत्रिक धोकाही आहे. मोठ्या गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्याच टाकीतून हॉर्नला हवा दिली आणि तो सतत वाजवत ठेवला तर ब्रेकचा दाब उतरू शकतो. इंडोनेशियाच्या सरकारलाही या हॉर्नवर पुढे निर्बंध आणावे लागले. पण यातून खेळ वाईट ठरत नाही. धडक देऊन, माणसं उडवून पुढे जाण्याच्या खेळांच्या शेजारी हा खेळ प्रवासी चढेपर्यंत थांबायला लावतो आणि गाडी धडपणे स्थानकात लावायला शिकवतो. हॉर्नबद्दल मुलांशी बोलावंच, आणि ब्रेकच्या हवेचं कारण सांगून बोलावं. नुसत्या मनाईपेक्षा ते त्यांना पटतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. या लालपरीत कंडक्टर नाही. एसटी म्हणजे नुसती गाडी नव्हे. एक घंटी झाली की थांबायचं, डबल बेल झाली की सुटायचं, हा ड्रायव्हर-कंडक्टरचा संवाद हा तिचा प्राण आहे. तिकिटाचं यंत्र, सुट्या पैशांची ओढाताण, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास, गर्दीत ‘मागं सरका’ची हाक, यातलं काहीही खेळात नाही. प्रवासी चढतात, पैसे जमा होतात, संपलं. खेळाच्या मूळ नियमांत या कामाला जागाच नाही, आणि गाडीचं रूप बाहेरून आणता आलं तरी नियम आणता येत नाहीत. खेळानं दार उघडलं आहे ते गाडीच्या अंगापुरतं, कामाच्या रीतीपर्यंत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटी संपात गावोगावी जे थांबलं होतं, ते काम म्हणजे फक्त गाडी चालवणं नव्हतं. एसटीचा खरा खेळ कधी झाला तर तो दोघांनी मिळून खेळायचा असावा लागेल: एकाच्या हाती स्टिअरिंग, दुसऱ्याच्या हाती घंटीची दोरी.

तोवर हातातलं जपायला हवं. गेल्या दशकाच्या अखेरीस महामंडळानं अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीऐवजी पोलादी बॉडी आणली, आणि जुन्या ठेवणीच्या गाड्या आयुष्य संपलं की भंगारात निघतात. हौशी पोरांनी घडवलेली मॉडेलं ही त्या गाड्यांची चहूबाजूंनी बघता येणारी नोंद आहे. पण ती खेळाच्या स्वतःच्या फाइलमध्ये बंद आहे. उद्या खेळ बंद पडला किंवा फाइलची रचना बदलली तर ती उघडणार नाही. शिवाय एकानं घडवलेलं मॉडेल दुसऱ्यानं आपल्या नावावर खपवण्याची चोरी या जगात सर्रास चालते, आणि त्यामुळे चांगले कारागीर आपली मूळ फाइल कुणाला देत नाहीत. महामंडळाला इथं फार थोड्या खर्चात मोठं काम करता येईल. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याला बांधलेल्या जुन्या बॉडींचे मापांसह आराखडे अभ्यासकांसाठी आणि हौशी कारागिरांसाठी खुले करावेत, बोधचिन्ह कुठं आणि कसं वापरता येईल याचे साधे नियम सांगावेत, आणि बदल्यात घडवणाऱ्याच्या नावासह मूळ मॉडेल मागून घ्यावं. आराखड्यावरून घडलेल्या गाडीत खिडकीचं माप अंदाजाचं राहणार नाही, आणि ज्यानं ती घडवली त्याचं नाव गाडीबरोबर राहील.