सतरा सुळक्यांचं चॅपेल : फोटोत येतं ते आणि राहून जातं ते

इंटरनेटवर जगातल्या देखण्या चर्चचे फोटो शोधलेत, तर एक फोटो हमखास समोर येतो. मागे डोंगर, वर निळंभोर आकाश आणि मधोमध ओळीने उभे असलेले चांदीसारखे चकचकीत सुळके. पहिल्या नजरेत वाटतं, कोणीतरी लढाऊ विमानं शेपटीवर उभी करून ठेवली आहेत!

ही इमारत म्हणजे अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं ‘कॅडेट चॅपेल’. ते शहरातल्या एखाद्या चौकात नाही. कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराजवळ अमेरिकेच्या हवाई दलाची अकॅडमी आहे, त्या लष्करी तळावर ते उभं आहे. चॅपेल म्हणजे खरं तर एखाद्या शाळेचं, रुग्णालयाचं किंवा पलटणीचं छोटं प्रार्थनाघर. हे मात्र नावालाच छोटं. याची उंची १५० फूट आणि लांबी २८० फूट आहे.

लाखो पर्यटकांनी या चॅपेलचे फोटो काढले. पण बहुतेक फोटो एकाच जागेवरून, एकाच गोष्टीचे आहेत. ते सुळके दाखवतात आणि थांबतात. आता तर सुळकेही दिसत नाहीत. सप्टेंबर २०१९ पासून चॅपेल दुरुस्तीसाठी बंद आहे आणि त्याच्याभोवती विमानाच्या हँगरसारखी भलीमोठी शेड उभारलेली आहे. त्यामुळे आधी काढून ठेवलेल्या फोटोंना वेगळंच मोल आलं आहे. आणि या फोटोंमध्ये काय राहून गेलं, हा प्रश्नही महत्त्वाचा झाला आहे.

तरुण वास्तुविशारद, नवा आराखडा

अमेरिकेने हवाई दलासाठी स्वतंत्र अकॅडमी स्थापन केली १९५४ मध्ये. ती उभारण्याचं काम ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या कंपनीकडे गेलं आणि चॅपेलचा आराखडा केला वॉल्टर नेट्श यांनी. त्यांचा जन्म १९२० चा, म्हणजे तेव्हा ते पस्तिशीच्या आसपास होते.

नेट्श युरोपात जाऊन जुनी चर्च पाहून आले होते. पॅरिसच्या ‘सँत शापेल’मध्ये भिंतींच्या जागी जणू रंगीत काचाच आहेत. इटलीतल्या असिसीमध्ये एकावर एक अशी दोन चर्च आहेत. या दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या इमारतीत आणल्या, पण दगडाऐवजी पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम वापरून. चार त्रिकोणी बाजूंचे १०० पोलादी सांगाडे एकमेकांवर रचून हे सुळके तयार झाले. एकेका सांगाड्याची लांबी ७५ फूट आणि वजन ५ टन. मूळ आराखड्यात सुळके जास्त होते, पण पैशांअभावी संख्या १७ वर आली. काम १९६२ मध्ये पूर्ण झालं.

सुरुवातीला या आराखड्यावर भरपूर टीका झाली. ‘हे काय चर्च आहे?’ असं म्हणणारे कमी नव्हते. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने काळाच्या कसोटीवर उतरलेल्या इमारतींसाठीचा आपला पुरस्कार याच चॅपेलला दिला आणि २००४ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झालं.

बाहेरून फोटो काढताना

अ‍ॅल्युमिनियमला स्वतःचा रंग फारसा नसतो, ते समोरच्या आकाशाचा रंग घेतं. म्हणून हे चॅपेल पहाटे गुलाबी, दुपारी निळसर-पांढरं आणि संध्याकाळी सोनेरी दिसतं. धातूच्या किंवा काचेच्या कोणत्याही इमारतीचा फोटो काढायचा असेल, तर भर दुपार टाळा. सूर्य बाजूला असताना प्रत्येक कडेला सावली पडते आणि आकार उठून दिसतो.

अगदी पायथ्याशी उभं राहून मोबाइल वर केला, की उंच इमारत मागे कलल्यासारखी दिसते. शक्य तितकं मागे जा, मोबाइल सरळ धरा आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली ग्रिड चालू करून रेषा जुळवा. चॅपेलच्या दक्षिणेकडच्या दर्शनी बाजूला ग्रॅनाइटचा रुंद जिना आहे. त्या जिन्यावर एखादा माणूस असू द्या. माणूस दिसला की इमारत किती मोठी आहे ते कळतं.

चकाकी फार असेल, तर स्क्रीनवर सर्वांत उजळ भागावर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा. जास्त उजेडात पांढरा पडलेला भाग नंतर एडिटिंग करूनही परत येत नाही. हाच नियम बर्फाच्या फोटोला मात्र उलटा लावा. बर्फ कॅमेऱ्याला फसवतो आणि करडा दिसतो, तिथे उजेड थोडा वाढवावा लागतो.

आत गेल्यावर

वरच्या मजल्यावर प्रोटेस्टंट पंथाचं मुख्य सभागृह आहे. इथे १,२०० माणसं बसू शकतात. पोलादी सांगाड्यांच्या मधल्या फटींमध्ये रंगीत काचा बसवल्या आहेत. दारापाशी हे रंग गडद आहेत आणि वेदीकडे जाताना फिके, उजळ होत जातात. म्हणजे पुढे चालत जाणारा माणूस अंधाराकडून उजेडाकडे जातो. हे एका फोटोत दाखवता येत नाही. दारापासून वेदीपर्यंत ठरावीक अंतरावर थांबून पाच-सहा फोटो काढले आणि ओळीने लावले, तरच ते समजतं.

बारकाव्यांकडेही कॅमेरा वळायला हवा. बाकांच्या कडा पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या पंख्यांसारख्या घडवल्या आहेत. इथे प्रार्थना करणारी मुलं-मुली उद्याचे वैमानिक आहेत, हे या एका बाकावरूनही कळतं. अशा मंद उजेडात फ्लॅश वापरू नका. काचेतून येणारे रंग त्याने पुसले जातात आणि प्रार्थनेला बसलेल्यांना त्रास होतो तो वेगळाच.

खालच्या मजल्यावरचे शेजारी

बहुतेक पर्यटकांचा कॅमेरा वरच थांबायचा. खरी वेगळी गोष्ट मात्र खाली आहे.

खालच्या मजल्यावर ५०० जणांचं कॅथलिक प्रार्थनागृह आहे. त्याच्या जवळच १०० जणांचं गोलाकार ज्यू प्रार्थनागृह आहे. बौद्धांसाठी खोली आहे, मुस्लिमांसाठी जागा आहे. सगळ्यांच्या वाटा आणि दारं अशी ठेवली आहेत, की एकाच वेळी प्रार्थना चालू असल्या तरी एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही. निसर्गाची उपासना करणाऱ्यांसाठी अकॅडमीच्या आवारातच टेकडीवर दगडांचं वर्तुळ आहे.

वर प्रोटेस्टंटांना मोठं सभागृह आणि इतरांना खालचा मजला, हे खटकणारे लोकही आहेत. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. आणि इमारतीचा खरेपणा दाखवायचा असेल, तर फोटोत दोन्ही मजले यायलाच हवेत. फक्त सुळके दाखवले, तर एका छपराखाली राहणारे हे शेजारी नाहीसेच होतात.

पाणी कुठून गळतं?

फोटोत न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गळती. हे चॅपेल अगदी सुरुवातीपासून गळत आलं आहे. पाणी वाहून नेण्याची जी व्यवस्था मूळ आराखड्यात होती, ती खर्च वाचवण्यासाठी वगळली गेली. त्याऐवजी पत्र्यांमधल्या फटी लांबी भरून बंद केल्या. धातू उन्हात प्रसरण पावतो, थंडीत आकसतो. कोलोरॅडोत बर्फही पडतो आणि कडक ऊनही. सांधे उघडे पडत राहिले, दरवर्षी नव्याने लांबी भरली जात राहिली आणि पाणी आत येतच राहिलं. आपल्याकडे गच्ची गळणाऱ्या घरांत हीच कहाणी पावसाळ्यात घडते!

शेवटी २०१९ मध्ये मोठं काम हाती घेतलं गेलं. बाहेरचे पत्रे आणि रंगीत काचा उतरवून, पाण्याची व्यवस्था नीट करून सगळं पुन्हा बसवायचं. काम सुरू झाल्यावर अंदाजापेक्षा जास्त अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं, मुदत आणि खर्च दोन्ही वाढले.

याची किंमत पैशांपलीकडची आहे. अकॅडमीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. २०२० मध्ये दाखल झालेली तुकडी २०२४ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडली, पण त्यांना आपलं चॅपेल एक दिवसही उघडं मिळालं नाही. शिकत असताना कॅडेटना लग्न करता येत नाही, म्हणून पदवीदान झालं की या चॅपेलमध्ये लग्नांची रीघ लागायची. ती परंपराही थांबली. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी लग्नाचे अल्बम आहेत. या तरुणांसाठी चॅपेल म्हणजे दुसऱ्यांच्या अल्बममधली जागा.

आधी परवानगी, मग कॅमेरा

लष्करी तळावर प्रार्थनास्थळ असलं, तरी तो तळच असतो. अमेरिकेत संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या ठिकाणांचे फोटो परवानगीशिवाय काढणं कायद्याने गुन्हा आहे. भारतातही १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार मनाई असलेल्या ठिकाणांबाबत कडक नियम आहेत. म्हणून काही गोष्टी पाळा :

• फाटकावर विचारा, फलक वाचा. ‘फोटो काढण्यास मनाई’ असेल तर वाद घालू नका.
• चौकी, कुंपण, वाहनं, अँटेना, पहाऱ्यावरचे जवान फ्रेममध्ये घेऊ नका.
• ड्रोन घरीच ठेवा.
• मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा.
• प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खिशात ठेवा.

आपल्याकडे काय पाहाल?

कोलोरॅडो सगळ्यांच्या आवाक्यात नाही, पण एका छपराखालच्या शेजाऱ्यांची कल्पना आपल्याला परकी नाही. भारतीय लष्कराच्या अनेक तळांवर ‘सर्वधर्म स्थळ’ असतं. तिथे वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना एकाच वास्तूत होतात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरूही लष्करात नेमले जातात. तुमच्या घरातलं कोणी सैन्यात असेल, तर त्यांना त्यांच्या युनिटमधल्या सर्वधर्म स्थळाबद्दल नक्की विचारा. फोटो नसला तरी गोष्ट मिळेल.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, नौदलाच्या वस्तीजवळ ‘अफगाण चर्च’ आहे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालं. उंच मनोरा आणि रंगीत काचा दोन्ही इथे आहेत. परवानगी विचारून वर सांगितलेल्या गोष्टी इथे करून पाहता येतील.

आणि तुमच्या गावातलं जुनं देऊळ, दर्गा किंवा चर्च दुरुस्तीसाठी बंद होणार असेल, तर त्याआधी एकदा सवडीने जा. दर्शनी बाजू तर काढाच, पण मागची भिंत, झिजलेली पायरी, ओल आलेला कोपरा आणि रोज येणारी माणसं यांचेही फोटो काढा, अर्थात त्यांना विचारून. पत्रे आणि काचा कारागीर पुन्हा बसवतील. ती पायरी कोणाच्या पावलांनी झिजली, हे मात्र तुमच्याच फोटोतून कळेल.