दादर किती लांब? मिनिटांत नको, किलोमीटरमध्ये सांगा

मुंबईकराला अंतर विचारले की तो वेळ सांगतो. 'लालबागहून दादर? दहा मिनिटं.' ही मिनिटे टॅक्सीची की पायी चालण्याची, सिग्नल धरून की सोडून, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. रस्ता सांगायला एवढे पुरते. डॉक्टरांना सांगायला मात्र पुरत नाही.

खरे तर या शहरात अंतर जागोजागी लिहिलेले आहे. इंग्रजांच्या काळात फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजत. रोमन आकडे कोरलेले त्यातले काही दगड आजही फुटपाथवर सापडतात. १९५८ पासून देशात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली आणि सुमारे १.६ किलोमीटरचा मैल मागे पडला. लोकलच्या रुळांशेजारी विजेच्या खांबांवर दोन आकडे असतात. वरचा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. म्हणूनच दादर चर्चगेटपासून सुमारे १० किलोमीटर, तर सीएसएमटीपासून सुमारे ९!

आता पायांकडे येऊ. किलोमीटर म्हणजे हजार मीटर, मध्यम उंचीच्या माणसाची साधारण तेराशे-चौदाशे पावले. तासाला पाच किलोमीटरच्या चालीने त्याला बारा मिनिटे लागतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे दीड किलोमीटरचे. तेवढे अंतर अठरा मिनिटांत पायी होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. या चालीने ते साडेबारा किलोमीटर, म्हणजे रोज दोन किलोमीटरसुद्धा नाहीत. दहा हजार पावलांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमधल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. तो चुकला म्हणून मन खट्टू करून घेऊ नये.

फुप्फुस आणि हृदयाच्या रुग्णांची एक साधी चाचणी असते. सपाट कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटे चालायचे, दम लागला तर थांबायचे. घड्याळ मात्र चालू राहते. नोंद होते ती किती मीटर गेलात याची.

घरी हेच करता येते. पूर्वी मंडईपर्यंत न थांबता जाणारे आजोबा आता दोनशे मीटरवर पोटरी धरून उभे राहतात आणि थांबल्यावर बरे वाटते, हे 'वय झालं' म्हणून सोडू नका. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. किती अंतरावर थांबावे लागते आणि ते अंतर महिन्याभरात घटले का, एवढे डॉक्टरांना सांगा. चालताना छातीत दाब आला आणि थांबूनही गेला नाही, तर मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.