राजाचे स्टूल

कुत्र्याने कसे जेवावे यावर लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. पण मोठ्या जातीचा कुत्रा पाळणारे कोणी आमच्या घरी आले, की सौ. चहाचा कप पुढे ठेवता ठेवता म्हणते, "अहो, यांना आपल्या राजाचे सांगा." तेच आज आपल्याला सांगतो.

राजा हा ग्रेट डेन. चिरंजीवांनी हट्टाने आणलेला. बघता बघता तो माझ्या कमरेला लागला. नाशिकात गंगापूर रोडला आमचे घर आहे. संध्याकाळी सोमेश्वरच्या बाजूला फेरफटका मारून आला, की त्याचे दिवसातले एकच जेवण होई. भात आणि कोंबडी, पातेलेभर! दोन मिनिटांत पातेले लख्ख. आम्हाला त्याचे कोण कौतुक! त्याला मान वाकवावी लागू नये, म्हणून मी सुताराकडून खास स्टूल करून घेतले होते.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री घर पाहुण्यांनी भरले होते. राजा जेवला, भरपूर पाणी प्यायला आणि मुलांबरोबर अंगणात हुंदडला. थोड्या वेळाने तो येरझाऱ्या घालू लागला. ओकारीसाठी मान ताणी, पण फेसाखेरीज काही पडेना. पोट नगाऱ्यासारखे ताठ झाले.

"अहो, हा असा काय करतो?" सौ. घाबरून म्हणाली.

"गॅस धरला असेल. ओवा-हिंगाचे पाणी दे, सकाळपर्यंत उतरेल," मी म्हणालो.

त्या सल्ल्यात दोन तास गेले. डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र काढले आणि सांगितले, "जठराला पीळ पडला आहे. लगेच आणायला हवे होते." शस्त्रक्रिया झाली, पण घरोघर अभ्यंगस्नाने चालली असताना आम्ही राजाला मोटारीत घालून परत आणले.

या दुखण्यात जठर हवेने फुगते आणि स्वतःभोवती फिरते. मग वरची वाटही बंद, खालचीही बंद. हवा कोंडते, मोठ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही तासांत खेळ संपतो. खोल, अरुंद छातीच्या कुत्र्यांना हा धोका अधिक: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड, डॉबरमन वगैरे.

पुढे मी वाचत गेलो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी मोठ्या अंगाच्या अकरा जातींच्या १,६३७ कुत्र्यांवर लक्ष ठेवून २००० साली निष्कर्ष छापले. वाढते वय, आईबाप किंवा भावंडांपैकी कोणाला हे दुखणे झालेले असणे, भराभर खाणे आणि उंचावर ठेवलेले भांडे या गोष्टींबरोबर धोका वाढलेला दिसला. उंचावरचे भांडे! ते वाचून मी बराच वेळ त्या स्टुलाकडे पाहत बसलो.

आता घरात राणी आहे, जर्मन शेफर्ड. तिचे जेवण तीन वेळा, थोडे थोडे. भांडे जमिनीवर. अन्न मोठ्या परातीत पसरून देतो, म्हणजे तिला गपागप गिळता येत नाही. बाजारात आत उंचवटे असलेली भांडी मिळतात, तीही चालतात. जेवणाआधी आणि नंतर तासभर हुंदडणे बंद. घरात दुसरा कुत्रा असेल, तर दोघांना वेगवेगळे वाढावे. चढाओढीत घास मोठे होतात. राणीची नसबंदी झाली, तेव्हाच डॉक्टरांनी तिचे जठर पोटाच्या भिंतीला आतून टाकून घेतले. त्याने पोट फुगणे टळेलच असे नाही, पण पीळ पडण्याचा धोका फार कमी होतो. आपल्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

आणि एवढे लक्षात ठेवा: फुगलेले पोट, कोरड्या ओकाऱ्या, गळणारी लाळ, अस्वस्थपणा, पांढुरक्या हिरड्या यांतले काही दिसले, तर घरगुती औषधात एक मिनिटही घालवू नका. रात्री शस्त्रक्रिया कोठे होते, याची चौकशी आजच करून ठेवा. आमच्या स्वयंपाकघरात तो नंबर कालनिर्णयाशेजारी चिकटवला आहे.

स्टूल मात्र सौ.ने टाकू दिले नाही. ते अंगणात असते. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री ती त्यावर एक पणती लावते.