बर्फात जाताय? आधी उतार बघा!

दिवाळी झाली की कॉलेजच्या ग्रुपवर एक लिंक येऊन पडते. केदारकंठा ट्रेक, बर्फच बर्फ! मग हिशेब सुरू. तीर्थपुरीहून जालना, जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, पुढं डेहराडून आणि सांक्री. कुणी सोयाबीनच्या पट्टीतून वडिलांकडं पैसे मागतो, कुणी वर्षभर साठवलेले काढतो.

जा की. पण एक लक्षात घ्या. आपली नजर काळ्या रानाची आहे. पावसात पाय कुठं रुतेल, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. बर्फाची अशी नजर आपल्याकडं नाही, आणि बर्फ दिसायला सगळीकडं सारखाच पांढरा.

उभे कडे बघून आपण घाबरतो, पण तिथं बर्फ फारसा साठतच नाही. हिमस्खलन बहुतेकदा सुटतं ते 30 ते 45 अंशांच्या उतारावरून. घराच्या गच्चीवर जाणारा जिना आठवा, साधारण तसाच चढ. फोटो काढायला एकदम भारी वाटेल असा!

होतं काय, तर हंगामाचा पहिला बर्फ पातळ पडतो. मग कडाक्याच्या, निरभ्र रात्री येतात आणि त्या थराचे आतल्या आत सुटे दाणे होतात, अगदी साखरेसारखे. वर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. तिरक्या पाटावर साखर पसरून तिच्यावर फरशी ठेवावी, तसा प्रकार. वरून काहीच कळत नाही. आपण त्यावर पाय ठेवला की दाणे ढासळतात आणि अख्खी लादी सुटते. ज्या स्खलनात माणसं सापडतात, ते बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्यांच्या वजनानं सुटलेलं असतं. (ओरडल्यानं बर्फ कोसळतो, हे सिनेमातलं.)

खुणा मात्र असतात. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज. पावलापासून सरसर पळत जाणारी भेग. शेजारच्या उतारावर नुकताच कोसळलेला बर्फ. आदल्या दिवशीची जोरदार बर्फवृष्टी किंवा वारा, नाहीतर अचानक वाढलेली ऊब. यातलं एक जरी दिसलं तरी त्या उतारावर पाय ठेवायचा नाही.

'आपण काय एव्हरेस्टला चाललोय?' असं कुणीतरी म्हणेलच. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी 'द्रौपदी का डांडा-2' शिखरावर हिमस्खलनात सापडली. 29 जण गेले. ते काही हौशी पर्यटक नव्हते, पुढच्या टप्प्याचं प्रशिक्षण घेणारे आणि त्यांना शिकवणारे होते. आणि चढायलाच हवं असंही नाही. 28 फेब्रुवारी 2025 रोजी बद्रीनाथजवळच्या माणा इथं रस्त्याच्या कामावरचे 54 मजूर आपल्या कंटेनरमध्ये असतानाच वरून बर्फ आला. 46 वाचले, 8 जण गेले. म्हणून तंबू कुठं लावलाय, त्याच्या वर काय आहे, हेही बघा.

गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचायची शक्यता चांगली असते, अर्ध्या तासानंतर ती फार घटते. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नसतं. काढणार ते सोबतचेच. त्यासाठी प्रत्येकाकडं ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं लागतं, शिवाय ते वापरायचा सराव. पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा: वाटेत तिरके बर्फाळ उतार आहेत का? ही साधनं आहेत का? चंदीगडच्या डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेकडून हिमस्खलनाचा इशारा निघतो, तो रोज कोण बघतं? उत्तर 'टेन्शन मत लो' असं आलं, तर दुसरी कंपनी शोधा.

खरी अडचण वेगळीच आहे. घरून मागून आणलेले पैसे, दोन दिवसांचा प्रवास, स्टेटसवर आधीच टाकलेलं 'समिट लोडिंग'. माथा समोर दिसत असताना 'मागं फिरू' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून हे जालना स्टेशनवर, गाडीत बसायच्या आधीच ठरवा: ग्रुपमधला एक जण जरी 'नको' म्हणाला तरी सगळे फिरतील, आणि नंतर कुणी त्याची खेचणार नाही.

आणि परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं काढा. बर्फ जोरात पडला तर तो दिवस सांक्रीत चहा पीत काढता येतो.