व्यवस्थापन संस्थांतील प्रवेश : गुणांपुढची कसोटी

चंदीगडच्या सेक्टर ३४ मधील इमारतींवर शिकवणी वर्गांच्या फलकांची दाटी असते. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी राज्यभरातून विद्यार्थी येतात, तसेच येथे पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातून येतात. त्यांपैकी अनेकांचे लक्ष्य असते ‘कॅट’, म्हणजेच व्यवस्थापन अभ्यासक्रमांची सामायिक प्रवेश परीक्षा. मात्र एकाच वर्गात, त्याच पुस्तकांवरून तयारी केल्यावर निवड समितीसमोर वेगळे कसे ठरावे, हा प्रश्न उरतोच.

भारतीय व्यवस्थापन संस्था अर्थात आयआयएम ही परीक्षा घेतात. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी ती दिली. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. सुमारे ९९ टक्के उमेदवार मागे आहेत, असा त्याचा अर्थ. तरीही त्या पातळीवर जवळपास २ हजार ९०० जण उभे असतात. म्हणजेच उत्तम गुण मिळवणारा उमेदवारही गर्दीतच असतो.

मुलाखतीला बोलावताना अनेक आयआयएम दहावी, बारावी आणि पदवीचे गुण तसेच कामाचा अनुभव विचारात घेतात. काही संस्था अभियांत्रिकीव्यतिरिक्त अन्य शाखांच्या पदवीधरांना आणि महिला उमेदवारांना जादा गुण देतात. प्रत्येक संस्थेचे सूत्र निराळे असते आणि ते प्रसिद्ध केले जाते. दहावीचे गुण आता बदलता येत नाहीत. पण आपल्या गुणांना कोणत्या संस्थेत अधिक न्याय मिळेल, हे अर्जापूर्वी पाहता येते.

यानंतरची कसोटी लेखन आणि मुलाखतीची असते. पंजाब विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी बिझनेस स्कूलमध्येही कॅटच्या गुणांखेरीज गटचर्चा आणि मुलाखतीला महत्त्व आहे. मोहालीत २०१२ पासून परिसर असलेली इंडियन स्कूल ऑफ बिझनेस अर्जासोबत निबंध मागते. येथे पाठ केलेली उत्तरे उपयोगी पडत नाहीत. ‘मला नेतृत्वाची आवड आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते. त्यामागची घटना मात्र प्रत्येकाची स्वतःची असते.

समजा, एखाद्याच्या घरी लुधियानात लोकरी कपड्यांचा व्यवसाय आहे. हिवाळ्यापूर्वी किती माल तयार करायचा, उधारी थकली तर कामगारांचे वेतन कसे भागवायचे, हे त्याने जवळून पाहिलेले असते. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराच्या मुलीला बेदाणा लगेच विकावा की शीतगृहात ठेवून भावाची वाट पाहावी, हा पेच ठाऊक असतो. साठा, भांडवल आणि जोखीम हे व्यवस्थापनाचेच विषय आहेत. अनेक उमेदवार मात्र हा अनुभव सामान्य समजून अर्जात लिहीतच नाहीत.

अशा प्रसंगाविषयी चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढणे हितावह ठरते : अडचण काय होती, निर्णय कोणी घेतला, त्यात आपला वाटा किती होता आणि काय चुकले? आकडे खरे असावेत, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यांवरच येतो. दुसऱ्याचे श्रेय स्वतःकडे घेणारा उमेदवार तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. आपली चूक नेमकी सांगणारा लक्षात राहतो.

शिकवणी वर्ग गणित आणि वेग शिकवू शकतात. सांगण्याजोगा अनुभव मात्र उमेदवाराने घरून येतानाच सोबत आणलेला असतो.